तिसरी चकती

झानिल तेमिरोव्ना चिमट्यानं उचलते चकती,
नखाएवढी, काळी, युरेनियमची.
खालून प्रकाशाचा एकच टोला.
वरच्या अंगाला ऊब किती वेळात पोचली
ते यंत्र मोजतं. ती वहीतही उतरवते.

कोरी चकती लगेच ओ देते.
दुसरी, कणांचा मार खाल्लेली,
दिसायला तश्शीच,
पण उष्णता तिच्यात अडखळते.
इथे एक ऑक्सिजन जागेवर नाही,
तिथे कुणी उपरा दोन घरांच्या मध्येच उभा,
आणि जी थरथर रांगेतून
हातोहात पुढे जायची
ती विस्कटते, आडवी जाते, मागे फिरते.

म्हणजे अणुभट्टीत हिचा गाभा तापत राहील,
कडेला पत्ता नाही.
मग तडा.

‘एका अणूनं एवढं?’ अल्दियार विचारतो,
नवा आहे, सप्टेंबरात लागला.
एकानं नाही रे.
हजारात चार-पाच. तेवढे पुरतात.
‘आणि पुन्हा तापवली तर?’
तर काही परततात आपापल्या जागी.
काही.

बाहेर इर्तिशवर वाफ, उणे एकतीस.
पाचव्या मजल्यावर तिच्या घरी
रेडिएटरचे सहा कप्पे चटका देतात, सातवा गार.
प्लंबर दोनदा येऊन गेला,
दिसायला काहीच बिघाड नाही म्हणाला.
ती हसली होती.

सातव्यावर ती मोजे वाळत घालते,
सकाळी ओलेच असतात.
तरी तिथेच घालते.
उद्या तिसरी चकती,
भट्टीतून काढलेली.