दाता क्रमांक सात

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
बंद पडलेल्या बर्फ कारखान्याच्या मागच्या खोलीत
एक पोट आहे, ज्याला माणूस नाही.

पाच बरण्या. पहिली जठर, दुसरी लहान आतडं,
उरलेल्या तीन म्हणजे मोठ्या आतड्याची वळणं,
इथं मात्र सरळ रांगेत, प्रार्थनेला उभी केल्यासारखी.
सदतीस अंश.
पंप नळी चेपतो, सोडतो, चेपतो.
खालून नायट्रोजनचे बुडबुडे, कारण आतल्यांना
आपली ही खारी हवा म्हणजे मरण.

दिवसातून तीनदा मी त्याला जेवू घालते.
नाचणीची पेज, कुळथाचं पीठ, चिमूटभर सुकटीची पूड,
मग ॲसिड, मग पित्त, बाटलीतलं, बैलाचं.
माझा डबा संध्याकाळी तसाच परत जातो कधी कधी,
याची वेळ चुकलेली नाही.

रजिस्टरात नाव लिहायचं नसतं.
पण वेंगुर्ल्यात कोण कुणाला नंबरानं ओळखतं?
द्वारका तांडेल, सुकी मासळी विकते.
डबी पदराखाली धरून आली होती
चोरीचं सोनं मोडायला आल्यासारखी.

नारळी पुनवेनंतर एकदा आली बघायला.
वाकली, तपकिरी पाण्यात पाहिलं, हसली.
“ह्यां माझां?”
मग जरा थांबून, “हेका भूक लागता?”
मी म्हटलं, भूक नाही, वेळापत्रक आहे.
ती बरणीकडेच बघत राहिली.
“झील तीन दिस दर्यात आसा. फोन लागणा नाय.
माझ्या पोटात गोळो इलो हा.
हेच्यात इलो?”

मी आकडे पाहिले.
पाच पॉइंट सहा. सहा पॉइंट दोन. सहा पॉइंट आठ.
तिचेच जीव, तिचीच सुकट,
आणि दर्याची काही खबर नाही.

अहवालात याला एक रकाना असतो, मर्यादा.
साहेब तिथं लिहितात:
रक्त नाही, मज्जातंतू नाहीत, प्रतिकारशक्ती नाही.
झील नाही, असं कसं लिहिणार.

त्याच रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
इन्व्हर्टर दोन तास टिकला.
मग मी स्टोव्हवर पाणी तापवत बसले,
बरण्यांभोवती माझी शाल, वॉचमनची घोंगडी,
त्यावर बाहेरून आणलेलं जुनं गोणपाट.
पंपाच्या जागी हातानं नळी चेपली. सोडली. चेपली.
छत्तीस. पस्तीस.
चौतीस पॉइंट पाचला
गोळा आला. माझ्या पोटात.
बाहेर वारा होता, बऱ्यापैकी.

दिवे आले पावणेचारला.
बोट आली दुसऱ्या दिवशी दुपारी,
इंजिन मेलेलं, देवगडच्या ट्रॉलरला बांधून.
द्वारका सांगायला आली नाही.
वॉचमनकडे चार बांगडे देऊन गेली, पानात गुंडाळून.
कुणासाठी, ते बोलली नाही.

मी हात धुतले, चौथ्या बरणीतून नमुना काढला.
सहा पॉइंट दोन.