आधण

शेडच्या मधल्या खांबाला थर्मामीटर टांगलाय.
घरात जावयालाही नसेल एवढा त्याचा मान.
मठपती साहेब बजावून गेले : पंचवीस, फार तर अठ्ठावीस.
तीसच्या वर गेलं
की अळी पानावरून तोंड फिरवते.

तीस!
आमच्या पूर्णेला मे महिन्यात
तीस म्हणजे पहाटेचे साडेचार.

म्हणून गोणपाटं. चारी बाजूंनी गोणपाटं,
तासातासाला बादली, मग्गा, पुन्हा बादली,
ओल्या तागाचा वास साडीला, केसांना,
भाकरीच्या पहिल्या घासालासुद्धा.
सकाळी लागलेलं दही दुपारी जिभेला चावतं,
तेच दही डिसेंबरात गोधडीत गुंडाळून ठेवलं
तरी दोन दिवस दूधच राहतं, हट्टी लेकरासारखं.
तेव्हा शेडमध्ये शेगडी असते
आणि साहेबांचा आकडा तोच, पंचवीस.

अळीला स्वतःची ऊब नसते.
हवा जेवढी, तेवढीच ती.
तळहातावर घेतली तर गार लागते, भिजल्या शेवईसारखी.
तिला मी काय लागत असेन?
तापला तवा.

चौथी कात टाकली की तिची भूक ऐकू येते,
वाळल्या शेंगांच्या ढिगात कुणी हात फिरवावा तशी.
पारा चढला की आवाज थांबतो
आणि त्या शांततेनं मला जाग येते.

परवा रात्री अडीचला जाग आली.
धावले. बॅटरी मारली.
गोणपाट ओलं होतं. पारा सत्तावीसवर.
अळ्या खात होत्या, शेंगा खळखळत होत्या.
तापले होते ती मी.

कानाच्या मागून सुरू झालं, मानेवर उतरलं,
पोटात कुणी चूल पेटवून विसरून गेल्यासारखं.
खांबावरचा थर्मामीटर काढला, काखेत धरला.
छत्तीस.
एवढंच? तलाठ्यासारखा कोरडा आकडा,
त्याच्या वहीत माझी आग नव्हती.

दिगांबर झोपेतच म्हणाला, ताप आहे का?
नाही.
मग?
मग काय सांगू. झोपा.

सकाळी तुतीची पानं तोडताना प्रयागबाईला सांगितलं.
तिनं कोयता थांबवला नाही.
म्हणाली, पाळी कधीपासून नाही?
दिवाळीपासून.
मग हसली, उरलेले चार दात दाखवून :
"विरी चालली बाई तुझी.
नव्या ज्वारीला गार पाणी बी चालतं,
भाकर हातावर आपली आपण फिरती.
जुनी झाली की थापायला जा, कडा फाटत्यात.
मग काय करतीस?"
आधण ओतते.
"तेच. तुझं अंगच तुझ्यात आधण ओतायलंय.
मळू दे."

मी काही बोलले नाही.
पान तोडताना देठातून दूध येत होतं,
बोटांना चिकटत होतं.

कोष झाले की आम्ही बाजारात नेतो, तिथून पुढचं मी पाहिलेलं नाही.
जालन्याला कढईत टाकतात म्हणे,
पाणी उकळल्याशिवाय धाग्याचं टोक सापडत नाही.
आत जे झोपलेलं असतं त्याचं काय,
हे साहेबांना एकदा विचारलं होतं.
ते वहीत काहीतरी लिहायला लागले.

काल रात्री पुन्हा आलं, तसंच, कानामागून.
मी धावले नाही.
उत्तरेच्या खिडकीवरचं एक गोणपाट उतरवलं,
भिजवून खांद्यांवर घेतलं
आणि दोन रॅकांच्या मधे बसले.
पाठीवरून पाणी कमरेपर्यंत गेलं,
जमिनीवर गेलं, मुंग्यांच्या वाटेला लागलं.

वहीत लिहिलं : रात्री दोन पन्नास, सत्तावीस.
खरं तर त्या कोपऱ्यात सकाळपर्यंत
एक अंश जास्तच होतं.
अळ्यांनी काही तक्रार केली नाही.