पाठमोरा

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके नळ आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्यांच्या ढिगात
सापडला एक पितळी बिल्ला. ब्रॅनॉक.
शेवटचं अक्षर बोटालाच लागतं, डोळ्यांना नाही.
विकणारा म्हणाला, साहेबाच्या बंगल्याचा आहे, तीनशे.
मी म्हणालो, ट्रकच्या कपाळावरचा आहे, एकशे ऐंशी.
त्यानं कपाळाचेच पैसे घेतले.

या ट्रकवर माझे वडील क्लीनर होते.
वय चौदा. पगार महिना दोन रुपये
आणि सासवडची फुटकी अंजिरं, हवी तितकी.
मालक रास्ता पेठेतले इसाक चेऊलकर.
शुक्रवारी दिवेलागणीला इंजिन बंद,
ते शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत.
देवानं विश्रांती घेतली, मग रेडिएटरनं का नको?

पेट्रोलची टाकी सीटखाली.
चढ लागला की इंजिन वर, टाकी खाली,
आणि पेट्रोल काही कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
म्हणून अख्खा दिवे घाट
हा ट्रक रिव्हर्समध्ये चढायचा.
वडील पुढच्या चाकापाशी दगड घेऊन चालायचे,
गाडी घसरलीच तर लावायला.
समोर पुणं लहान होत जायचं:
पर्वती आधी टेकडी, मग वाटी, मग तीळ.

कंपनीची हकिकतही मला तशीच सांगता येते.

चौतीस साली गिअरच्या एका दातासाठी
चेऊलकरांनी मिशिगनला पत्र टाकलं.
पाच महिन्यांनी ते परत आलं. जांभळा शिक्का,
पाकीट न फोडलेलं.
त्याच्या आधी, फाटकाला साखळी,
बाहेर टोप्या हातात धरून उभे कामगार.
त्याच्या आधी पहिली लढाई, लष्कराचे ट्रक,
रात्रपाळी, चिखलाच्या रंगाचा रंग.
त्याच्या आधी मोटारी, पितळी दिव्यांच्या,
वरातीला निघाल्यासारख्या.
दोन भाऊ. एक हिशेबाचा, एक हातांचा.
अबोला सात वर्षं, कारखाना मात्र चालू.
त्याच्या आधी बग्ग्या.
आणि अगदी वर, घाटमाथ्यावर,
एका शेडमध्ये कुणीतरी चाक उचलून धरलंय,
एका बोटानं फिरवून बघतोय.

हे मला कुठून ठाऊक?
थोडं कॅटलॉगच्या पहिल्या पानावरून.
बाकीचं वडिलांनी रचलेलं, दगड हातात घेऊन,
तासाला तीन मैल या वेगानं.
भावांचा अबोला नक्की त्यांचा.
आमच्या घरातला होता तो.

दात शेवटी खडकीच्या सय्यद फिटरनं बसवला.
आठ रविवार कानस घासून,
मजुरी म्हणून अंजिरांची एक पाटी.
तिकडे कंपनी मेली,
इकडे तिला दात फुटला.
पुढं अकरा वर्षं ट्रक घाट चढत होता,
कुणीही त्याला ती बातमी दिली नाही.

परवा बिल्ला खिशात टाकून सासवडची बस धरली.
चाकावरची ती उलटी सीट असते ना,
कुणी बसत नाही, पोटात ढवळतं,
तिच्यावर बसलो.
वडकी गेलं. वळणं सुरू झाली.
इमारतींमध्ये पर्वती शोधत होतो,
वाटी नाही, तीळही नाही.
पाय आपोआप दाबत होते,
जणू चाकाखाली दगड लावायचाय.

कंडक्टर म्हणाला,
काका, पुढं जागा आहे की.