बारदान

तिसरीच्या पुस्तकात तराजूचं चित्र आहे,
दोन्ही पारड्यांत सफरचंदं, गुळगुळीत, सारखी.
माझ्या वर्गातली मुलं सफरचंद पेटीने मोजतात.
भिंतीपलीकडे मार्केट यार्ड.
पहाटे तीनला कांद्याच्या गाड्या लागतात,
आणि प्रार्थनेच्या वेळी
निम्म्या रांगेच्या डोळ्यांत झोप असते,
उरलेल्यांच्या केसांत कांद्याची सालं.

वजन शिकवायला घेतलं त्या दिवशी
भांडारातून तराजू निघाला,
कोळिष्टकांसकट.
सहापैकी पाच वजनं. दोनशे ग्रॅम गायब.
मुख्याध्यापकांनी नोंदवही उघडली,
"दोन हजार सातपासून गायबच आहे," म्हणाले
समाधानाने, आणि माझी पाचावर सही घेतली.

हर्षाली लोंढे म्हणाली, बाई, थांबा जरा.
शंभराच्या वजनासमोर वाळू घातली,
मग त्या वाळूतच शंभराचं वजन ठेवलं,
आणि समोर एक बटाटा.
बटाटा जड निघाला.
तिने तो दातांनी कुरतडला, पुन्हा ठेवला,
पुन्हा कुरतडला,
काटा मधोमध येईपर्यंत.
झालं दोनशे, म्हणाली, आणि तोंडातलं थुंकली.

सोमवारी बटाटा सुरकुतला होता.
वजनही घटलं होतं त्याचं.
माझ्या टिपणवहीत हा धडा नव्हता.
मुलांनीच ठरवलं, वजन असं पाहिजे जे सुकत नाही.
मैदानभर दगड शोधत हिंडली दोन तास,
मराठीचा तास त्यात गेला,
आणि शेवटी नळाजवळ सापडला तो,
काळा, चपटा, मुबारकच्या टाचेएवढा.
त्यावर पांढऱ्या रंगाने दोनशे लिहिलं.

मग काही सुटलं नाही.
खडूचा डबा, डस्टर, हजेरीपट,
कौसल्याबाईंची खिचडीची पळी
(ती त्यांनी आधी धुऊन दिली, मग म्हणाल्या,
भातासकट मोजायची होती, खरी जड तेव्हा असते).

चिंचोके मोजायचा दिवस.
पिशवी पारड्यात, वजनं समोर,
मी फळ्यावर लिहिलं : तीनशे पन्नास.
मागून आवाज आला,
"बारदान."

इरण्णा. नोव्हेंबरात अफझलपूरहून आलेला,
घरी कानडी, वर्गात काहीच नाही.
अडीच महिन्यांत हजेरीला फक्त हात वर.
मी म्हटलं, काय रे?
"बाई, बारदान काढा."

मला कळलं नाही, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार,
कारण दहा जण एकदम सांगायला लागले,
पोत्याचं वजन वेगळं, मालाचं वेगळं,
बारदान धरलं तर शेतकऱ्याचा फायदा, नाही धरलं तर,
नाही गं, उलटं, माझ्या पप्पांना विचार!
इरण्णा तोवर पुढे आला होता.
त्याने चिंचोके माझ्या ओढणीत ओतले,
रिकामी पिशवी एकटी पारड्यात ठेवली.
ती इतकी हलकी की काटा हलला नाही.
तो खट्टू झाला नाही.
"हलकी आहे," म्हणाला. "पण बघायचं असतं."

जानेवारीत आरोग्य तपासणी.
व्हरांड्यात नर्सताईंचा काटा, मुलांची रांग,
इरण्णा चढला. अठरा.
त्या पुढचं नाव घेणार तेवढ्यात
हा खाली उतरला.
स्वेटर काढला. पट्टा काढला.
चड्डीच्या खिशातून गोट्या निघाल्या, एक किल्ली,
आणि आमचा काळा दगड, दोनशेचा,
जो मी आठवडाभर शोधत होते.
सगळं ओळीने जमिनीवर मांडून
पुन्हा काट्यावर उभा राहिला, श्वास रोखून.

"अरे, कमी कशाला करून घेतोस?"
नर्सताई करवादल्या. "आधीच काडी आहेस."
काटा सतराच्या जरा पुढे थांबला.
त्यांनी अठराच ठेवले, रांग मोठी होती.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

कार्ड सहीसाठी माझ्याकडे आलं तेव्हा
अठराच्या पुढे, बारीक अक्षरात,
मी लिहिलं, बारदानासह.