पीळ

बांबोळीच्या टेकडीवर, दुपारी साडेतीनला,
पोटावर गार जेल पडताच
जुव्याची आंतोनेता एकदाच दचकली.
कायतान दाराशी, चपला हातात.
कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

मी शोधत होते एक फुली.
बाविसाव्या आठवड्यात
सुपारीएवढ्या हृदयातून दोन थोरल्या धमन्या निघतात
आणि एकमेकींना ओलांडतात,
अरुंद बांधावर समोरासमोर आलेल्या दोघी
अंग चोरून वाट देतात तशा.

पडद्यावर त्या समांतर होत्या.
मी प्रोब तिरका केला, श्वास धरायला सांगितला.
तरी समांतर.
होडीत टाकून ठेवलेली दोन वल्ही.

"कधी झालं हे?"
मी बोटांवर आठवडे मागे नेले. ऑगस्टचा शेवट.
"म्हणजे चवथीच्या आधी," ती म्हणाली,
"मी भेंडी खुडत होते बाजारासाठी.
सात शिरांची. एकेक मोजून घेतात लोक.
मळमळत होतं, मला वाटलं सुंगटांनी."

रिपोर्टाच्या पाठीवर मी चित्र काढलं.
आधी एकच नळी असते.
मग कण्याजवळून काही पेशी निघतात,
लांबची वाट चालत नळीत शिरतात
आणि मधोमध भिंत घालतात,
सरळ नव्हे, वळत, चढत,
म्हणून एकीच्या दोन होतात आणि दोघी एकमेकींभोवती फिरतात.

कायताननं चपला खाली ठेवल्या.
मांडीवर तळवा घासून
नसलेला सुंभ वळला.
"पीळ बसला नाही."

अकरा वर्षं शिकले मी.
इतकं आखूड वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.

गळ्याशी कमानीही येतात, जोडीजोडीनं, माशाच्या कल्ल्यांपाशी असाव्यात तशा.
बऱ्याच येतात त्या जाण्यासाठीच.
डावीकडची चौथी राहते, ती महाधमनीची कमान.
सहावीचा एक तुकडा जन्मापर्यंत आडवाट म्हणून राहतो,
कारण फुप्फुसांना अजून काम नाही.
पहिल्या श्वासानंतर दोन-तीन दिवसांत ती वाट मिटते.
"ह्या बाळाची मिटू द्यायची नाही."

"मानस," तो म्हणाला.
खाजनाच्या बांधावर मानस राखतो तो, बापानंतर.
भरती आली की दारं पाण्याच्या दाबानंच लागतात.
"उघडी धरायची तर मध्ये फळी घालतो आम्ही.
तुम्ही काय घालता?"
"औषध. थेंब थेंब. ऑपरेशनपर्यंत."
"आणि ऑपरेशनात?"
"दोघी कापायच्या, जागा बदलायच्या, शिवायच्या."

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला.
"थोरला पाट हलवला,
तर त्याच्यावरून निघालेले बारीक पाट?
ज्यांच्यावर खुद्द हे शेत जगतं?"

हृदयाला पाजणाऱ्या त्या दोन शिरा
चित्रात मी काढल्याच नव्हत्या.
"तेच कठीण," मी म्हटलं,
आणि पेन पुन्हा उघडलं.

आंतोनेता जेल पुसत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ.
"रडेल ना तो? आवाज असेल?"

आवाजाची नस छातीत उतरते,
त्या कमानीखालून वळसा घेते
आणि पुन्हा गळ्याकडे वर जाते.
का, ते विचारू नये. कमान खाली सरकली तेव्हा ती तिथं अडकलेली होती.

"नस मला दिसत नाही," मी म्हटलं.
"कमान दिसते.
वळायला जागा आहे."