बत्तीस बोअर

बेळगावात, कॅम्पातल्या त्या अरुंद दुकानात
अंकलगींनी काचेवर मखमल पसरली
आणि दोन्ही शेजारी ठेवली,
सोनार पाटल्या ठेवतो तशी.
"अक्का, मोठ्या बोअरचं विचारू नका, ते सरकारचं.
आपल्याला बत्तीस, नाहीतर बावीस. साकु."

पिस्तूल चपटं. पिशवीत दिसलंही नसतं.
त्याची सरकती पाठ मागं ओढताना
माझा अंगठा घसरला,
चौतीस वर्षं तंबाखूची पानं चाळून गुळगुळीत झालेला.
अंकलगी काही बोलले नाहीत.
बोटांचे ठसे पुसले, ते खणात ठेवून दिलं.

रिव्हॉल्वरचं पोट सुटलेलं. सहा घरं.
"हे अडत नाही. एक नाही फुटली,
तर पुन्हा चाप ओढा. पुढचं घर येतं."
वजन करा म्हटलं. हसले, तरी काटा आणला.
रिकामं, सातशे ग्रॅम.
खरं तर काट्याची गरज नव्हती;
निपाणीच्या वखारीत माझ्या डोळ्यांदेखत
कुणी पाच ग्रॅम मारून दाखवावेत.

बावीसचं मी घरी विचारून आले होते,
माडीवरच्या सुभेदार घोळश्यांना.
"बावीसनं माणूस थांबत नाही, चिडतो."
आणि बत्तीसनं?
त्यांनी बराच वेळ चहा ढवळला.
"बत्तीसनं... इचार करतो."

शनिवारी बिड्या वळणाऱ्या बायकांचा पगार.
बँकेपासून वखारीपर्यंत चारशे पावलं.
मार्चमध्ये याच चारशे पावलांत
दिवाणजी बाळू कोरव्यांना मागून पाना बसला.
पिशवी चार दिवसांनी ओढ्यात सापडली, रिकामी.
कान अजून ऐकत नाही.

गोळ्या वर्षाला पंचवीस.
म्हणजे बिड्यांचा एक कट्टा, मी मनात म्हटलं.
शिशाची राखाडी टोकं बोटांना डाग लावतात.
वखारीची ओल पितळाला हिरवं करते
म्हणून शिलाई मशीनचं तेल लावायला घेतलं
तर सुभेदार माडीवरून धावत आले:
"बंदुकीला तेल, अक्का! गोळीला न्हाई!
बार इझल की!"

ठेवायची कुठं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.
पुरुषांना पट्टा असतो.
मी मोच्याकडून पिशवीला आतून कप्पा शिवून घेतला,
तोंड उजवीकडं, वर दोन कोरे रुमाल.
एकदा भाजी घेताना हात चुकून तिथंच गेला
आणि मी गवारीचे पैसे न देताच निघून आले.
परत जाऊन दिले.

परवान्याची अक्षरं कन्नड.
वाचून दाखवताना कारकुनाचं बोट एका ओळीवर थांबलं:
फक्त कर्नाटक राज्यात.
माझा नवरा दर एक नोव्हेंबरला
दंडाला काळी फीत बांधून चालायचा.
जी रेघ त्यानं मरेपर्यंत मानली नाही
ती या सातशे ग्रॅम लोखंडाला पाठ आहे.
कोगनोळीचा नाका ओलांडला, दूधगंगेचा पूल आला
की ते राखण करत नाही,
गुन्हा होतं.

बहीण कागलला. अर्ध्या तासाची वाट.
जाताना ते घरी, तिजोरीत ठेवते,
गोळ्या वेगळ्या, हळदीच्या डब्यामागं.
परवा तिनं दारातच विचारलं,
"खांद्याला काय झालंय गं? वाकडी का चाललीस?"
काही नाही म्हटलं. पिशवीत फक्त
तिच्यासाठी आणलेला कुंदा होता.

रात्री एसटीनं परतताना
खिडकीबाहेर अंधार, पाटी दिसली नाही, नदीही नाही.
कंडक्टर झोपलेला.
कुठंतरी उजवा खांदा आपोआप खाली गेला,
आणि मला कळलं,
पूल मागं पडला.