तळघरातून दिसत नाही

सहा दिवस आभाळ नुसतं निळं.
कॅन्ससचा नकाशा घड्यांवर फाटत आला,
पेट्रोलपंपावरची बाई न विचारता
तीन कॉफ्या ओतू लागली.
व्हर्लिन म्हणायचा, वादळाच्या मागे लागणं म्हणजे
बहुतेक वेळ गाडीत बसून सँडविच खाणं.
तीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस,
अजूनही रूळ आले की थांबतो,
काच खाली करून कान देतो.

सातव्या दिवशी चारच्या सुमाराला
दक्षिणेचा वारा गव्हात शिरला तो बाहेर येईना.
पश्चिमेला एक ढग उभा राहिला,
उभा राहिला म्हणजे खरंच,
गुडघ्यावर हात टेकून माणूस उठतो तसा,
आणि वर जायला काही उरलं नाही तिथे
ऐरणीसारखा आडवा पसरला.

कोरीनचं बोट रडारवर:
"आकडा वळतोय. पूर्वेला घे. खडीचा रस्ता. आत्ता."
गाई कुंपणाच्या कोपऱ्यात, सगळ्यांची तोंडं एकीकडे.
उजेड हिरवा, जुन्या बाटलीतून बघावं तसा.
गारा आधी एकेक,
मग टपावर कुणी बटाट्यांचं पोतं रिकामं केलं.
पुढची काच तडकली.
"चला," व्हर्लिन म्हणाला, "भाडं चुकतं झालं."

गारांच्या पलीकडे निघालो
आणि ते होतं.

आवाज नव्हता. हे कुणी आधी सांगत नाही.
ढगाची सोंड जमिनीला टेकलेली, चार मैलांवर,
बारीक, पांढरी,
मागून आमच्याकडून गेलेलं ऊन अंगावर घेऊन चाललेली.
कोरीन रडत होती.
मी फोटो काढायचे विसरले,
मग आठवलं, मग अकरा काढले.

तिच्या पायथ्याशी काहीतरी चमकलं, पत्र्यासारखं.
पत्राच होता.
व्हर्लिनने गाडी सुरू केली. कुणी बोललं नाही.

डेल्फाबाई हॉफस्टेटर, वय एक्याऐंशी,
तळघराच्या पायरीवर बसल्या होत्या,
मांडीवर रेडिओ आणि एक कोंबडी.
घर होतं तिथे आता फक्त पोर्चच्या तीन पायऱ्या.
आम्ही पाणी दिलं, गॅसची तोटी बंद केली,
तारा पडल्यात, तिकडे जाऊ नका म्हटलं.
त्यांनी तडकलेल्या काचेकडे पाहिलं,
मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.
मी तो जॅकेटखाली सरकवला.

"लपवू नकोस गं. जन्मात चार वेळा खाली बसलेय.
एकदाही बघितलेलं नाही.
कसं होतं?"

व्हर्लिनने टोपी काढली.
मी म्हटलं, मोठं होतं. म्हटलं, वेगात होतं.
"ते ठाऊक आहे मला."
"पांढरं होतं," मी म्हटलं,
"ऊन पडलं होतं त्याच्यावर."

बराच वेळ त्या कोंबडीची पिसं सारखी करत राहिल्या.
"आवाजावरून," म्हणाल्या,
"मला काळं वाटलं होतं."

परतताना रूळ आले.
व्हर्लिनने गाडी थांबवली, काच खाली केली.
दोन्हीकडून काही येत नव्हतं.
तरी आम्ही थांबून राहिलो.